न मोडलेला तह

"श्टिंककात्से!" असं म्हणत आजींनी एप्रनचं टोक नाकाशी धरलं, आणि मी हातात पीचची टोपली घेऊन तशीच उभी राहिले.

जून महिना होता. ऑस्टिनहून पश्चिमेला जाणाऱ्या २९० क्रमांकाच्या हमरस्त्यावर, स्टोनवॉल आणि फ्रेडरिक्सबर्ग या गावांच्या मधे, पीचच्या बागांच्या तोंडाशी लाकडी टपऱ्या लागतात. त्यातल्या एका टपरीवर आम्ही दर उन्हाळ्यात थांबतो. त्या दिवशी रात्रीतून कुणाची तरी गाडी स्कंक या घाण वास सोडणाऱ्या प्राण्यावरून गेली असावी. सगळ्या रानात तो वास भरून राहिला होता. मुलीने नाक दाबलं, नवऱ्याने गाडीच्या काचा वर केल्या, आणि गल्ल्यावर बसलेल्या आजींच्या तोंडून तो शब्द निघाला. तो आमच्यासाठी नव्हता, त्या स्वतःशीच बोलल्या होत्या.

श्टिंकन म्हणजे घाण वास येणं, कात्से म्हणजे मांजर. एवढं जर्मन मला येतं. कॉलेजात असताना दोन वर्षं पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जात होते. सायकल हाणत बोट क्लब रोडला पोचायचं आणि डेर, दी, दास घोकायचं. पुढे नोकरी, लग्न, अमेरिका. ती भाषा माळ्यावर टाकलेल्या पितळी भांड्यासारखी कुठेतरी पडून होती. टेक्ससच्या उन्हात, पीचच्या टपरीवर, शहाऐंशी वर्षांच्या बाईंच्या तोंडून ती अशी अचानक खाली येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मी चाचरत जर्मनमध्येच विचारलं, "तुम्ही जर्मन बोलता?"

त्यांनी आधी माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेनात. मला निम्मं कळत होतं, निम्मं नव्हतं, कारण मी शिकले ते पुस्तकातलं जर्मन आणि हे पावणेदोनशे वर्षं टेक्ससच्या मातीत लोळून मोठं झालेलं. कुठल्याशा गाईची गोष्ट सांगताना त्या म्हणाल्या, "दी कू इस यूबर दी फेन्स गेजम्प्ट." कुंपणाला फेन्स, आणि उडी मारलीला चक्क इंग्रजी जम्पला जर्मन झबलं घालून केलेलं गेजम्प्ट. मी हसले, पण आतून काहीतरी हललं. आदल्याच आठवड्यात माझी मुलगी मागच्या दारातून ओरडत आली होती, "आई, डिअरने फेन्स जम्प केली!"

विमानाला त्या लुफ्टशिफ म्हणतात, म्हणजे हवेतलं जहाज. जर्मनीतल्या माणसाला त्या शब्दाने फुगवून उडवलेलं प्रचंड हवाईजहाज आठवेल. आणि स्कंक? घरी येऊन मी कोश उघडला. पुस्तकी जर्मनमध्ये श्टिंकटीअर. पण जर्मनीच्या रानात हा प्राणी नाहीच. नासाऊच्या नाहीतर हेसेनच्या खेड्यातून निघालेल्या शेतकऱ्याने तो बापजन्मात पाहिलेला नव्हता. टेक्ससमध्ये तो गोठ्यापाशी दिसला, वास आला, आणि त्या माणसाने आपल्या पोतडीतले दोन शब्द जोडून त्याला नाव दिलं. मला हे फार मोठं काम वाटतं. परक्या मुलखात घर बांधणं अवघड आहेच, पण तिथल्या जनावरांना, झाडांना, वाऱ्यांना आपल्या भाषेत नावं देणं म्हणजे तिथे राहायचं ठरवणं.

त्या दिवसापासून मला फ्रेडरिक्सबर्गचा नाद लागला. त्याआधी हे गाव माझ्यासाठी वसंतातली निळी ब्लूबॉनेटची फुलं, पीच आणि रविवारच्या गर्दीतलं सॉसेज एवढंच होतं. मुख्य रस्त्याला छेद देणाऱ्या गल्ल्यांच्या नावांची आद्याक्षरं ओळीने वाचली तर पूर्वेकडे 'ऑल वेलकम' आणि पश्चिमेकडे 'कम बॅक' असे शब्द तयार होतात, हे मुलीला दाखवून आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. गावाच्या पोटात काय आहे ते पाहिलं नव्हतं.

१८४२ साली ऱ्हाईनकाठच्या बीब्रिख इथे काही जर्मन सरदार-दरकदार जमले आणि टेक्ससमध्ये जर्मन वसाहत करण्यासाठी त्यांनी मंडळी स्थापन केली. तिला लोक आडेल्सफेराइन, म्हणजे उमरावांची मंडळी, म्हणत. टेक्सस तेव्हा स्वतंत्र देश होता. मंडळीने लॅनो आणि कोलोराडो नद्यांमधल्या अफाट जमिनीचा हक्क विकत घेतला, न पाहता. ती जमीन कोमान्ची या तिथल्या आदिवासी लोकांची होती, आणि विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने कोमान्चींना विचारलं नव्हतं. इथून पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ती आधी सांगितली.

पहिला कारभारी राजपुत्र कार्ल. त्याने १८४५ च्या गुड फ्रायडेला न्यू ब्राउनफेल्स वसवलं आणि तो मायदेशी परतला. त्याच्या जागी आला बॅरन ओटफ्रीड हान्स फॉन मॉइझेबाख, वय वर्षं ३३, कायदा शिकलेला, तांबूस दाढीचा. टेक्ससला पाय लागताच त्याने बॅरन ही पदवी टाकली आणि साधा जॉन मॉइझेबाख झाला. हिशेबाच्या वह्या उघडल्या तर तिजोरीत खडखडाट. पाठीमागून जहाजांमागून जहाजं येत होती. त्यातच मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि किनाऱ्यावरच्या बैलगाड्या, घोडे सगळं सैन्याने जास्त पैसे मोजून नेलं. हजारो माणसं इंडियानोला बंदराच्या चिखलात तंबूंत आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत अडकली. तापाने आणि आमांशाने शेकडो गेली. काहींनी पायी वाट धरली, ती वाटेतच पडली. ज्या गावाच्या रस्त्यावर आज आईस्क्रीम खात फिरतो, तिथे पोचण्यासाठी कुणी लेकरं पुरत पुरत चालत आलं होतं, हे कळल्यावर मी पुढच्या वेळी तिथे जरा हळू चालले.

८ मे १८४६ ला पहिले १२० जण सोळा दिवसांचा प्रवास करून फ्रेडरिक्सबर्गच्या जागी पोचले. पुढच्याच वर्षी त्यांनी अष्टकोनी फेराइन्स किर्शे, म्हणजे मंडळीचं चर्च, बांधली. दिसायला कॉफीच्या दळणीसारखी म्हणून ती 'काफेम्यूल'. तिथेच चर्च, तिथेच शाळा, तिथेच पंचायत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच छपराखाली आळीपाळीने प्रार्थना करत. मूळ इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाडली. आज चौकात उभी आहे ती १९३० च्या दशकातली प्रतिकृती.

पण जमीन अजून उत्तरेला होती, कोमान्चींच्या मुलखात. मॉइझेबाख जानेवारी १८४७ मध्ये चाळीसेक माणसं घेऊन निघाला. गव्हर्नरने रॉबर्ट नेबर्स या अधिकाऱ्याला त्याच्या मागे पाठवलं, जाऊ नका म्हणून. नेबर्सबरोबर फर्डिनांड रोमर हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ होता. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला हे कळतं. मॉइझेबाख मागे फिरला नाही. आणि त्याने जे केलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कोमान्चींच्या तळापाशी पोचल्यावर त्याने आणि त्याच्या माणसांनी आपल्या बंदुका हवेत झाडून रिकाम्या केल्या. समोर शेकडो योद्धे. पुन्हा बार भरायला वेळ मिळणार नाही हे दोन्ही बाजूंना दिसत होतं.

१ आणि २ मार्च १८४७ ला सॅन सॅबा नदीकाठी बोलणी झाली. कोमान्चींकडून ओल्ड आउल, बफेलो हम्प, सांता अ‍ॅना हे सरदार. त्यांनी मॉइझेबाखला त्याच्या दाढीवरून एल सोल कोलोराडो, तांबडा सूर्य, असं नाव ठेवलं. दुभाषा जिम शॉ हा डेलावेअर जमातीचा. मॉइझेबाखने त्यांना सांगितलं की माझी माणसं तुमच्यात राहून तुमची भाषा शिकतील, त्यातल्या कुणाला तुमच्या मुलीशी लग्न करावंसं वाटलं तर मला त्यात काही अडचण दिसत नाही, आणि कातडीच्या रंगावरून मी कुणाला उंच-नीच मानत नाही. १८४७ साली. गुलामांची खरेदी-विक्री चालत होती त्या टेक्ससमध्ये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष लग्नावर किंवा रंगावर गेलं नाही. मी 'तुमची भाषा शिकतील' यावर अडकले. जमीन घ्यायला आलेल्यांत असं कबूल करणारे किती निघाले असतील?

९ मेला फ्रेडरिक्सबर्गमध्ये तहावर सह्या झाल्या. त्याची छापील प्रत मी वाचली. दोन पक्ष: इथे वसणारे जर्मन लोक, आणि 'कोमान्ची नेशन'. शब्द राष्ट्र हाच आहे. जर्मनांनी लॅनो आणि सॅन सॅबाच्या मुलखात निर्धास्त फिरावं. कोमान्चींनी जर्मन गावांत यावं, हवं तिथे जावं, 'पांढऱ्या वाटेने चालतील', म्हणजे शांततेने राहतील, तोवर त्यांना भय नाही. एकाची घोडी चोरीला जात असतील तर दुसऱ्याने कळवावं. एखाद्या वाईट माणसाने आगळीक केली तर दोष त्या माणसाचा, जमातीचा नव्हे. प्रकरण सरदारांसमोर न्यावं. बदल्यात ३००० डॉलरच्या भेटवस्तू. मूळ कागद पुढे युरोपात गेला, १९७० मध्ये मॉइझेबाखच्या नातीने तो टेक्ससला परत आणला, आणि आज तो ऑस्टिनमध्ये राज्याच्या ग्रंथालयात आहे. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर.

फ्रेडरिक्सबर्गमध्ये या दिवसांची एक गोष्ट सांगतात. ईस्टरच्या आदल्या रात्री टेकड्यांवर कोमान्चींचे जाळ दिसले, मुलं घाबरली, तेव्हा एका आईने सांगितलं, घाबरू नका, ईस्टरचा ससा मोठ्या कढईत रानफुलांच्या रंगात अंडी उकडतोय. त्याची आठवण म्हणून गाव वर्षानुवर्षं टेकड्यांवर होळ्या पेटवत आलं. आता, १८४७ चा ईस्टर ४ एप्रिलला होता, नदीकाठची बोलणी त्याआधी महिनाभर आटोपली होती, आणि उत्तर जर्मनीत ईस्टरच्या होळ्या पूर्वापार आहेत. तरी मला ती गोष्ट सोडवत नाही. भीतीच्या रात्री मुलाला अंगाशी घेऊन समोरच्या जाळाला गोड अर्थ देणारी आई कुठल्याही तारखेला खरी असते.

गावातले लोक अभिमानाने सांगतात की हा तह कधी मोडला नाही. त्यांनी तो पाळला याचा त्यांना अभिमान असावा, असायलाच हवा. टेक्ससमध्ये असे तह बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. मार्क्टप्लात्स चौकात मॉइझेबाख आणि कोमान्ची सरदार शांततेची चिलीम ओढताना दाखवलेले कांस्याचे पुतळे आहेत, तिथे मी बराच वेळ बसते. पण कोमान्चींचं पुढे काय झालं तेही त्याच बाकावर बसून आठवावं लागतं. १८४९ च्या कॉलऱ्यात सांता अ‍ॅना गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे कितीतरी लोक. १८५५ मध्ये दक्षिणेकडचे कोमान्ची एका राखीव तुकड्यात कोंडले गेले, १८५९ मध्ये त्यांना टेक्ससबाहेर, रेड नदीपलीकडे नेलं. त्यांना सुखरूप पोचवून परतणाऱ्या नेबर्सला, ज्याने त्यांची बाजू घेतली होती, टेक्ससमधल्याच एका माणसाने गोळी घातली. तह जर्मनांनी मोडला नाही. पण ज्यांच्याशी केला होता त्यांना तिथे राहू दिलं गेलं नाही, आणि ते थांबवणं मूठभर शेतकऱ्यांच्या हाती नव्हतं.

त्या शेतकऱ्यांचीही परीक्षा व्हायची होतीच. १८६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघायचं की नाही यावर टेक्ससमध्ये मतदान झालं, तेव्हा फ्रेडरिक्सबर्गच्या गिलस्पी काउंटीने प्रचंड बहुमताने 'नाही' म्हटलं. टेक्सस तरी फुटलंच. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोकडे निघालेल्या जर्मन तरुणांच्या तुकडीला फुटलेल्या राज्यांच्या सैन्याने न्यूएसेस नदीकाठी पहाटे गाठून मारलं. जखमींनाही सोडलं नाही. कम्फर्ट नावाच्या शेजारच्या गावात १८६६ मध्ये त्यांची स्मारकशिळा उभी राहिली. तिच्यावर जर्मनमध्ये शब्द आहेत, 'ट्रॉए डेर युनिऑन', संघराज्याशी इमान. अमेरिकेवरच्या निष्ठेचं हे स्मारक, आणि भाषा जर्मन. मला यात काही विसंगत वाटत नाही. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला आलेले लोक चार जुलैला दारावर झेंडा लावतात.

मला मात्र सगळ्यात जास्त झोप उडवली ती हर्मन लेमनने. मॉइझेबाखच्या म्हातारपणीच्या गावाजवळ, लॉयल व्हॅलीत, १८७० च्या मे महिन्यात शेतातून एक जर्मन मुलगा अपाची या दुसऱ्या आदिवासी जमातीने पळवला. दहा-अकरा वर्षांचा. आधी अपाचींत, मग कोमान्चींत वाढला, योद्धा झाला, सरदार क्वाना पार्करने त्याला आपल्या कुटुंबात घेतलं. १८७८ मध्ये सैनिकांनी त्याला आईकडे आणून सोडलं. तो जर्मन पूर्ण विसरला होता. बहिणीने हातावरच्या जुन्या वणावरून त्याला ओळखलं. घरची माणसं रडत होती, एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होती, आणि त्याला हळूहळू उमगलं की हे आपलं नाव आहे: हर्मन. तो पुढे पुन्हा जर्मन शिकला, पण मनाने अखेरपर्यंत कोमान्चीच राहिला. दोन्ही घरांनी त्याला मुलगा मानलं. माझी मुलगी शनिवारी रात्री पुण्याला आजीशी फोनवर बोलते, तेव्हा आजी काहीतरी विचारते आणि मुलगी माझ्याकडे बघते, त्या एका क्षणी मला लेमनची आई आठवते.

मग भाषा गेली कशी? हे मी आजींना विचारलं. दुसऱ्या भेटीत, टपरीमागच्या सावलीत बसून. त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट: १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जर्मन हा शब्दच संशयाचा झाला. झाउअरक्राउट या आंबवलेल्या कोबीला लोक 'लिबर्टी कॅबेज', स्वातंत्र्याची कोबी, म्हणू लागले. इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिलमध्ये एप्रिल १९१८ मध्ये जमावाने रॉबर्ट प्रागर या खाणकामगाराला झाडाला लटकवलं. गुन्हा इतकाच की तो जर्मनीत जन्मला होता. त्याच वर्षी टेक्ससने शाळांतून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायला कायद्याने बंदी केली. नेब्रास्कातल्या एका शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली, पण तोवर आयांनी मुलांशी काय बोलायचं ते ठरवून टाकलं होतं. पुढे दुसरं महायुद्ध. आजी सहाव्या वर्षी शाळेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मधल्या सुट्टीत जर्मन बोलल्या म्हणून शिक्षा भोगली. "माझ्या मुलांना मी ते भोगू दिलं नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नातवंडांना दोन जर्मन शब्द येतात: ओमा आणि ओपा, आजी आणि आजोबा.

आणि कोमान्ची? त्यांच्या मुलांनाही वसतिशाळांतून आपली भाषा बोलल्याबद्दल मार बसला. मग त्याच पिढीतल्या तरुणांना सैन्याने त्याच भाषेसाठी बोलावलं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले कोमान्ची सैनिक आपल्या भाषेत गुप्त निरोप पाठवत होते, आणि जर्मन सैन्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. सॅन सॅबाच्या काठी शिकायची म्हणून कबूल केलेली ती भाषा.

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात २००१ पासून हान्स बोआस हे प्राध्यापक गावोगाव जाऊन टेक्सस जर्मन बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत आहेत. घरात ही बोली शिकलेली आता जवळपास सगळी म्हातारीच उरली आहेत. कोमान्ची अस्खलित बोलणारेही आता अगदी थोडे आहेत. तहाचा कागद काचेमागे जपला जाईल. तो मुळात इंग्रजीत लिहिलेला आहे. ज्या दोन लोकांमध्ये तो झाला, त्यांच्या दोन्ही भाषा त्या डोंगरात आता क्वचितच कानी पडतात.

रविवारी सकाळी मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. एकवीस मुलं. ळ आणि ल मधला फरक, मामा-काका-आत्या-मावशी, आणि 'च' कुठे दाताला लावायचा. आईवडील मुलांना दमवून आणतात, मुलं कंटाळतात, आणि दर वर्षी सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं की याचा पुढे उपयोग काय. आधी मी बरंच काही सांगायचे. आता त्यांना गेजम्प्ट सांगते, हर्मन लेमन सांगते. आम्हाला इथे कुणी मराठी बोलल्याबद्दल मारलेलं नाही. आमच्यावर कुणी कायदा केलेला नाही. ही सवलत आम्हाला ज्यांच्यामुळे मिळाली, त्यात त्या नेब्रास्कातल्या शिक्षकाचाही वाटा आहे.

त्या पहिल्या दिवशी परतताना मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, "आई, स्कंकला मराठीत काय म्हणतात?" मला येत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं, मराठी मुलखात तो नसतोच, त्यामुळे शब्दही नाही. पाणमांजर आहे, उदमांजर आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. ड्रिपिंग स्प्रिंग्सच्या आसपास म्हणाली, "मग वासमांजर."

पुढच्या उन्हाळ्यात टपरीवर गेल्या गेल्या तिने आजींना तो शब्द सांगितला. आजींनी तिला जवळ बोलावून दोनदा म्हणायला लावला, स्वतः एकदा म्हणून पाहिला, आणि विचारलं, यातलं कात्से कुठलं?

"मांजर," मुलगी म्हणाली.

"मांजर," आजी म्हणाल्या, आणि पिशवीत दोन पीच जास्तीचे टाकले.